एंटिटी फ्रेमवर्क

एंटिटी फ्रेमवर्क : संगणकीय आज्ञावली आणि डेटाबेस यांच्यामधील देवघेवीची व्यवस्था पाहणारी, मायक्रोसॉफ्ट कंपनीने विकसित केलेली चौकट. डॉट नेट या कार्यमंचावर सी शार्प व तत्सम भाषांत आज्ञावली लिहिणाऱ्यांना कोष्टकांत साठविलेली माहिती आपल्या भाषेतील वस्तूंच्या रूपाने वाचता, बदलता व पुन्हा साठविता यावी, हा या चौकटीचा हेतू होय. तिची पहिली आवृत्ती ऑगस्ट २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे ती मुळापासून नव्याने लिहिण्यात आली आणि २०१६ पासून ती ‘एंटिटी फ्रेमवर्क कोअर’ या नावाने ओळखली जाते. या नव्या शाखेची दहा क्रमांकाची आवृत्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये डॉट नेटच्या त्याच क्रमांकाच्या आवृत्तीबरोबर उपलब्ध झाली. डेटाबेसचे काम आज्ञावलीकाराच्या दृष्टीआड किती ठेवावे आणि त्याच्या नजरेसमोर किती ठेवावे, या एका प्रश्नाभोवती या चौकटीचा सारा इतिहास फिरतो. दहाव्या आवृत्तीतील अनेक सुधारणांचे मर्मही या प्रश्नाच्या संदर्भातच नीट लक्षात येते.

पार्श्वभूमी : मोठ्या प्रमाणावरील माहिती संगणकात कशी मांडावी, या प्रश्नाचे सर्वाधिक प्रचलित उत्तर एडगर फ्रँक कॉड (१९२३–२००३) यांनी आय.बी.एम. कंपनीच्या सॅन होसे येथील प्रयोगशाळेत काम करीत असताना १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दिले. त्यांच्या संबंधाधारित प्रतिमानानुसार सर्व माहिती ओळी व स्तंभ असलेल्या कोष्टकांत ठेवली जाते आणि दोन कोष्टकांमधील संबंध समान मूल्यांवरून जोडला जातो. उदा., ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये सभासदांचे एक कोष्टक व देवघेवीचे दुसरे कोष्टक असेल, तर देवघेवीच्या प्रत्येक ओळीत सभासदाचा क्रमांक लिहिलेला असतो. त्यावरून पुस्तक कोणी नेले हे कळते. आय.बी.एम.मधीलच डोनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी अशा कोष्टकांना प्रश्न विचारण्यासाठी १९७४ मध्ये जी भाषा मांडली, तिचेच विकसित रूप म्हणजे एसक्यूएल ही भाषा होय. तिला १९८६ मध्ये अमेरिकेत व १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय स्तरावर प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला. या भाषेत काय हवे एवढेच सांगावयाचे असते. ते कसे शोधावे, कोणती सूची वापरावी, हे डेटाबेस स्वतः ठरवितो.

आज्ञावल्यांच्या भाषांची वाटचाल मात्र निराळ्या दिशेने झाली. नॉर्वेमध्ये ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी विकसित केलेल्या सिम्युला ६७ या भाषेपासून वस्तुनिष्ठ आज्ञावलीलेखनाची परंपरा सुरू झाली. स्मॉलटॉक, सी प्लस प्लस, जावा आणि सी शार्प या भाषांनी ती पुढे नेली. या पद्धतीत माहिती आणि तिच्यावर करावयाच्या क्रिया एकत्र बांधून त्यांची ‘वस्तू’ बनविली जाते. एकाच प्रकारच्या वस्तूंच्या आराखड्यास ‘वर्ग’ म्हणतात. सभासद ही एक वस्तू असते, तिच्याशी देवघेवींची यादी थेट जोडलेली असते आणि ‘दंड किती झाला’ हे ती वस्तू स्वतःच सांगू शकते.

या दोन परंपरांचा मेळ आपोआप बसत नाही. वस्तू एकमेकींकडे थेट निर्देश करतात; कोष्टकांतील ओळी केवळ समान मूल्यांनी जोडलेल्या असतात. वस्तूंच्या वर्गांत वारसा असतो, म्हणजे ‘विद्यार्थी सभासद’ हा ‘सभासद’ या वर्गाचा विशेष प्रकार असू शकतो. कोष्टकांच्या मूळ प्रतिमानात अशी सोय नाही. वस्तूची ओळख तिच्या स्मृतीतील स्थानावरून ठरते, तर ओळीची ओळख तिच्या क्रमांकावरून. दोहोंमधील या विसंगतीमुळे आज्ञावलीकाराला प्रत्येक वस्तूची ओळ आणि प्रत्येक ओळीची वस्तू करणारा मजकूर हाताने लिहावा लागे. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये डॉट नेटबरोबर दिलेल्या एडीओ डॉट नेट या साधनसंचातही हे काम मुख्यतः आज्ञावलीकारावरच सोपविलेले होते. असा मजकूर कंटाळवाणा असतो. स्तंभाचे नाव बदलले की तो ठिकठिकाणी दुरुस्त करावा लागतो आणि राहून गेलेली चूक आज्ञावली प्रत्यक्ष चालू असतानाच उघडकीस येते.

हे रूपांतर यंत्रावर सोपविण्याचे प्रयत्न १९९० नंतरच्या दशकात स्मॉलटॉक व जावा या भाषांत सुरू झाले. २००१ मध्ये गॅव्हिन किंग यांनी सुरू केलेली हायबरनेट ही जावा भाषेतील चौकट आणि २००४ मध्ये रूबी ऑन रेल्सबरोबर आलेली ॲक्टिव्ह रेकॉर्ड ही त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहेत. मार्टिन फाउलर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या क्षेत्रातील आवर्ती रचनांना नावे दिली व त्यांचे पद्धतशीर वर्णन केले. एंटिटी फ्रेमवर्कमध्ये या रचनांचा उपयोग केलेला आढळतो. तिच्या नावातील ‘एंटिटी’ हा शब्द पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या घटक व संबंध यांच्या प्रतिमानाच्या परंपरेतील असून स्वतंत्र ओळख असलेला, ज्याची नोंद ठेवावयाची असा कोणताही घटक, असा त्याचा अर्थ होतो.

कार्यपद्धती : या चौकटीच्या कामाचे मुख्यतः तीन भाग पडतात. पहिला भाग आराखड्याचा होय. कोणता वर्ग कोणत्या कोष्टकाशी जुळतो, कोणता गुणधर्म कोणत्या स्तंभाशी जुळतो आणि कोणते वर्ग परस्परांशी कशा प्रकारे जोडलेले आहेत, यांची नोंद या आराखड्यात असते. बऱ्याच गोष्टी चौकट नावांवरून व संकेतांवरून स्वतःच ठरविते. जेथे संकेत पुरेसे नसतात तेथे आज्ञावलीकार स्पष्ट सूचना देतो.

दुसरा भाग प्रश्नांच्या रूपांतराचा होय. २००७ मध्ये सी शार्प भाषेतच प्रश्न विचारण्याची सोय करण्यात आली. तिला ‘लिंक’ असे संक्षिप्त नाव असून तिच्या निर्मितीत त्या भाषेचे मुख्य रचनाकार अँडर्स हेल्सबर्ग यांचा प्रमुख वाटा होता. ‘ज्यांची वर्गणी थकलेली आहे असे सभासद, नावांच्या क्रमाने’ असा प्रश्न आज्ञावलीकार सी शार्पमध्ये लिहितो. त्या वाक्याची अंमलबजावणी लगेच न करता भाषा त्याची वृक्षाकार मांडणी करून ठेवते. चौकट हा वृक्ष वाचते व त्यावरून एसक्यूएलमधील वाक्य तयार करून डेटाबेसकडे पाठविते. उत्तरादाखल आलेल्या ओळींच्या वस्तू बनवून त्या आज्ञावलीच्या हाती देण्यात येतात. प्रश्नातील गुणधर्माचे नाव चुकले असल्यास भाषांतरकच ती चूक दाखवितो, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय. प्रश्नातील बदलती मूल्ये एसक्यूएलच्या वाक्यात न मिसळता प्राचल म्हणून स्वतंत्रपणे पाठविली जातात. त्यामुळे वापरणाऱ्याने एखाद्या रकान्यात एसक्यूएलचा घातक मजकूर भरला, तरी त्याची आज्ञा होत नाही. मात्र आज्ञावलीकाराने स्वतःच तुकडे जोडून एसक्यूएलचे वाक्य तयार केले, तर हे संरक्षण उरत नाही.

तिसरा भाग बदलांच्या नोंदीचा होय. डेटाबेसमधून आलेल्या वस्तूंची मूळ मूल्ये चौकट लक्षात ठेवते. आज्ञावलीने साठवण्याची आज्ञा दिली की मूळ व सद्य मूल्यांची तुलना होते; जे बदलले तेवढेच डेटाबेसमध्ये लिहिले जाते. सर्व बदल सामान्यतः एकाच व्यवहारात बांधलेले असतात, म्हणजे सर्व तरी होतात किंवा एकही होत नाही. केवळ वाचावयाची असलेली माहिती या नोंदीशिवायही मागविता येते. त्यामुळे स्मृती व वेळ या दोहोंची बचत होते.

एकाच नोंदीवर दोघे काम करीत असतील, तर जो प्रसंग उद्‌भवतो त्यावरून या नोंदीचे महत्त्व व तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात. एका खात्यात ५,००० रुपये शिल्लक आहेत, असे समजू. दोन लेखनिकांनी एकाच वेळी ते खाते आपापल्या पडद्यावर आणले. पहिल्याने १,००० रुपये वजा करून ४,००० हा आकडा साठविला. दुसऱ्याच्या पडद्यावर अद्याप ५,००० हाच आकडा असल्याने त्याने २,००० रुपये वजा करून ३,००० हा आकडा साठविला. वस्तुतः २,००० शिल्लक राहावयास हवी होती. पहिला बदल पुसला गेला आणि कोणतीही चूक दर्शविली गेली नाही. हे टाळण्यासाठी प्रत्येक ओळीत आवृत्तीदर्शक मूल्य ठेवता येते. मग चौकट ‘हे मूल्य पूर्वीचेच असेल तरच बदल कर’ अशी आज्ञा पाठविते आणि एकही ओळ बदलली नाही असे कळल्यास अपवाद उपस्थित करते. परंतु असा स्तंभ कोणता, हे आज्ञावलीकाराने आधी सांगितलेले असावे लागते. ते सांगितले नसेल, तर चौकट हा प्रसंग ओळखत नाही.

कोष्टकांच्या रचनेतील बदल : फेब्रुवारी २०१२ मधील ४.३ या आवृत्तीपासून वर्गांत केलेल्या बदलांनुसार कोष्टकांची रचना क्रमाक्रमाने बदलण्याची सोय झाली. प्रत्येक बदलाची एक लहानशी आज्ञावली तयार होते व ती इतर मजकुराबरोबरच जपून ठेवली जाते. त्यामुळे कोणत्याही संगणकावरील डेटाबेस जुन्या रचनेवरून नव्या रचनेवर क्रमवार आणता येतो. येथेही सावधगिरी आवश्यक असते. वर्गातील ‘पत्ता’ या गुणधर्माचे नाव बदलून ‘निवास’ केले, तर नाव बदलले आहे की जुना गुणधर्म काढून नवा घातला आहे, हे चौकटीला निश्चितपणे कळू शकत नाही. तिने दुसरा अर्थ घेतला तर जुना स्तंभ काढून टाकण्याची व नवा, रिकामा स्तंभ घालण्याची आज्ञा तयार होते आणि ती तशीच चालविल्यास सर्व पत्ते नष्ट होतात. म्हणून तयार झालेला मजकूर प्रत्यक्ष चालविण्यापूर्वी वाचून पाहणे हा या कामातील सर्वमान्य नियम आहे.

आवृत्त्यांचा इतिहास : पहिल्या आवृत्तीत आराखडा एका स्वतंत्र, चित्ररूपाने दाखविता येणाऱ्या धारिकेत ठेवला जाई आणि त्यावरून वर्ग तयार केले जात. हे वर्ग चौकटीच्या मूळ वर्गांशी जखडलेले असत. संबंधित नोंदी आपोआप आणण्याची सोय नव्हती. त्या अधिकृतपणे प्रसिद्ध होण्यापूर्वीच, जून २००८ मध्ये, अनेक आज्ञावलीकारांनी या रचनेविषयी ‘अविश्वास’ व्यक्त करणारे जाहीर निवेदन काढले. विषयाचे नियम व्यक्त करणारे वर्ग साठवणुकीच्या तंत्रापासून मुक्त असावेत आणि एकच मोठी आराखड्याची धारिका अनेकांनी हाताळण्यामुळे होणारा गोंधळ टाळावा, हे त्यांच्या आक्षेपांतील महत्त्वाचे मुद्दे होते.

या टीकेचा परिणाम पुढील आवृत्त्यांत दिसून येतो. एप्रिल २०१० मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीस डॉट नेटच्या क्रमांकाशी मेळ राखण्यासाठी चौथा क्रमांक देण्यात आला. तीत साधे, चौकटीवर अवलंबून नसलेले वर्ग वापरता येऊ लागले. २०११ मधील ४.१ या आवृत्तीपासून आधी वर्ग लिहून त्यांवरून आराखडा तयार करण्याची पद्धत रूढ झाली. २०१२ मध्ये चौकटीचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला करण्यात आला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये सहावी आवृत्ती प्रसिद्ध झाली.

याच सुमारास डॉट नेट हा कार्यमंच विंडोजखेरीज लिनक्स व मॅकओएस यांवरही चालावा यासाठी त्याची पुनर्रचना सुरू झाली. जुना मजकूर त्या दिशेने वळविण्यापेक्षा नवा लिहिणे इष्ट ठरले. या नव्या चौकटीस आरंभी सातवी आवृत्ती म्हटले जाई. परंतु ती जुन्या आवृत्तीची सुधारणा नसून वेगळी रचना आहे हे स्पष्ट व्हावे म्हणून जानेवारी २०१६ मध्ये तिचे नाव बदलण्यात आले व जून २०१६ मध्ये एंटिटी फ्रेमवर्क कोअरची १.० ही आवृत्ती निघाली. ती हलकी होती, पण अपुरीही होती. संबंधित नोंदी गरज पडताच आपोआप आणण्याची सोय तीत मे २०१८ मधील २.१ या आवृत्तीत आली आणि अनेकास-अनेक या प्रकारचा संबंध जोडवर्ग न लिहिता मांडण्याची सोय नोव्हेंबर २०२० मधील ५.० या आवृत्तीत आली. चार हा क्रमांक वगळण्यात आला.

सप्टेंबर २०१९ मधील ३.० ही आवृत्ती या इतिहासातील महत्त्वाचे वळण होय. सी शार्पमधील प्रत्येक वाक्याचे एसक्यूएलमध्ये रूपांतर होऊ शकत नाही. प्रश्नात आज्ञावलीकाराने स्वतः लिहिलेले एखादे सूत्र असेल, तर डेटाबेसला ते ठाऊक नसते. त्यापूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये अशा वेळी चौकट रूपांतर होण्याजोगा भाग डेटाबेसकडे पाठवी आणि उरलेली चाळणी आज्ञावलीच्या बाजूस करी. उत्तर बरोबर येई. पण त्यासाठी प्रसंगी संपूर्ण कोष्टक आज्ञावलीच्या संगणकावर ओढून आणले जाई. चाचणीच्या वेळी कोष्टकात शंभर ओळी असल्याने कोणाच्या काही लक्षात येत नसे. प्रत्यक्ष वापरात त्या लक्षावधी झाल्या की यंत्रणा मंदावे. सूचना मिळे ती केवळ कार्यनोंदीत. ३.० पासून अशी मूक मदत बंद करण्यात आली. प्रश्नाचा शेवटचा, निवडलेल्या ओळींना आकार देणारा भाग सोडल्यास इतरत्र रूपांतर न होणारा मजकूर आढळताच चौकट अपवाद उपस्थित करून थांबते. यामुळे पूर्वी चालणाऱ्या अनेक आज्ञावल्या नव्या आवृत्तीवर अडल्या. तथापि छुपा खर्च उघड करणारा नकार हा दिसणाऱ्या सोयीपेक्षा अधिक हितकर, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

याच आवृत्तीतील दुसऱ्या बदलाचा अनुभव याच्या उलट आला. एखाद्या नोंदीबरोबर तिच्याशी जोडलेल्या दोन याद्या मागविल्यास त्या आणण्यासाठी तोपर्यंत अनेक वेगळे प्रश्न पाठविले जात, ३.० मध्ये सर्वांसाठी एकच प्रश्न पाठविला जाऊ लागला. एका सभासदाच्या २० देवघेवी व ३० राखीव मागण्या असतील, तर एकत्र जोडणीमुळे ५० ऐवजी २० × ३० म्हणजे ६०० ओळी परत येतात. याद्या वाढत गेल्या की हा गुणाकार फार जलद वाढतो. त्यामुळे ५.० मध्ये प्रश्न एकत्र पाठवावा की विभागून, हे ठरविण्याचा अधिकार आज्ञावलीकाराला देण्यात आला. विभागलेल्या प्रश्नांनाही त्यांचा दोष असतोच. दोन प्रश्नांच्या मधल्या क्षणी दुसऱ्या कोणी माहिती बदलली, तर दोन्ही उत्तरांत विसंगती राहू शकते.

नोव्हेंबर २०२१ मधील सहाव्या आवृत्तीत वेगावर भर होता व नोंदींचा कालक्रमानुसार इतिहास ठेवणाऱ्या कोष्टकांचा वापर शक्य झाला. नोव्हेंबर २०२२ मधील सातव्या आवृत्तीपासून असंख्य ओळी एकाच आज्ञेने बदलता किंवा काढून टाकता येतात. तोवर त्यासाठी प्रत्येक ओळीची वस्तू स्मृतीत आणावी लागे. मात्र या आज्ञा बदलांच्या नोंदीस वळसा घालून थेट डेटाबेसवर चालतात, म्हणून आधीच स्मृतीत असलेल्या वस्तू जुन्याच राहतात. २०२३ व २०२४ मध्ये अनुक्रमे आठवी व नववी आवृत्ती निघाली.

दहावी आवृत्ती : ही दीर्घकाळ साहाय्य मिळणारी आवृत्ती असून तिला नोव्हेंबर २०२८ पर्यंत दुरुस्त्या मिळत राहतील, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. ती डॉट नेटच्या दहाव्या आवृत्तीवरच चालते.

तिच्यातील एक बदल वरवर किरकोळ, पण या चौकटीच्या मूळ प्रश्नावर प्रकाश टाकणारा आहे. ‘या यादीत ज्यांचे क्रमांक आहेत असे सभासद’ असा प्रश्न वारंवार विचारावा लागतो. आठव्या आवृत्तीपूर्वी यादीतील क्रमांक एसक्यूएलच्या वाक्यातच लिहिले जात. त्यामुळे यादी बदलली की वाक्य बदले आणि डेटाबेसला प्रत्येक वेळी शोधाची योजना नव्याने आखावी लागे. आठव्या आवृत्तीत संपूर्ण यादी एकाच प्राचलात बांधून पाठविली जाऊ लागली. वाक्य स्थिर झाले. पण यादीत किती मूल्ये आहेत हे डेटाबेसला आधी कळेनासे झाले व काही प्रश्नांसाठी चुकीची योजना निवडली जाऊन ते अतिशय मंद झाले. दहाव्या आवृत्तीत मधला मार्ग स्वीकारला आहे. प्रत्येक मूल्य स्वतंत्र प्राचल म्हणून पाठविले जाते आणि प्राचलांची संख्या ठरावीक टप्प्यांवर आणली जाते, उदा., आठ मूल्ये असल्यास दहा प्राचले करून उरलेल्या दोन जागी शेवटचेच मूल्य पुन्हा घातले जाते. अशा रीतीने वाक्यांचे प्रकार मोजके राहतात आणि यादीच्या आकाराचा अंदाजही डेटाबेसला मिळतो. हा प्रकार योग्य न वाटल्यास पूर्वीच्या दोहोंपैकी कोणताही निवडता येतो.

दुसरी सुधारणा कायम लागू असणाऱ्या चाळण्यांविषयीची आहे. अनेक संस्थांची माहिती एकाच डेटाबेसमध्ये असेल, तर प्रत्येक प्रश्नाला ‘फक्त याच संस्थेच्या नोंदी’ ही अट आपोआप लावता येते. तसेच काढून टाकलेल्या म्हणून खूण केलेल्या नोंदी आपोआप वगळता येतात. यापूर्वी अशा अटी एकत्रच लागू होत व एकत्रच उठविल्या जात. काढून टाकलेल्या नोंदी पाहण्यासाठी चाळणी उठविली की संस्थेची अटही उठे आणि एका संस्थेची माहिती दुसरीस दिसण्याचा धोका निर्माण होई. आता प्रत्येक चाळणीस नाव देता येते व नेमकी तीच उठविता येते.

याशिवाय, डाव्या व उजव्या बाजूच्या सर्व नोंदी राखणाऱ्या जोडण्या सुटसुटीतपणे लिहिण्याची सोय आणि एसक्यूएल सर्व्हर २०२५ मधील जेसन व सदिश या प्रकारांच्या स्तंभांचा वापर या गोष्टी तीत आहेत. सदिश म्हणजे मजकुराचा वा चित्राचा आशय दर्शविणारी संख्यांची मालिका. दोन मालिकांमधील अंतर काढून आशयाने जवळच्या नोंदी शोधता येतात. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित शोधयंत्रणांमुळे या प्रकाराला महत्त्व आले आहे. कार्यनोंदीत उमटणाऱ्या एसक्यूएलच्या वाक्यांतील काही मूल्ये आता झाकली जातात. त्यामुळे खाजगी माहिती नोंदवहीतून बाहेर पडण्याचा धोका कमी होतो.

देवनागरी मजकूर : सी शार्पमधील मजकूर युनिकोडच्या सोळा-बिटी एककांत असतो. एसक्यूएल सर्व्हरसाठी ही चौकट मजकुराचा स्तंभ युनिकोड प्रकारचाच योजते. त्यामुळे मराठी नावे व पत्ते वेगळी तजवीज न करता साठविता येतात. जागा वाचविण्यासाठी स्तंभ युनिकोडेतर प्रकारचा ठरविला आणि त्याला साजेशी संकेतावली नसेल, तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे साठविली जातात व मूळ मजकूर परत मिळविता येत नाही. स्तंभाची लांबी ठरवितानाही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ‘श्री’ हे वाचताना एक अक्षर असले, तरी युनिकोडमध्ये श, हलन्तचिन्ह, र व दीर्घ ईकाराची मात्रा अशी त्याची चार एकके होतात. म्हणून ५० एककांचा स्तंभ म्हणजे ५० अक्षरांचे नाव असे समजणे चुकीचे ठरते.

उपयुक्तता व मर्यादा : ही चौकट एसक्यूएल सर्व्हरखेरीज एसक्यूलाइट, पोस्टग्रेस एसक्यूएल, मायएसक्यूएल, ओरॅकल इ. डेटाबेसबरोबर, प्रत्येकासाठी लिहिलेल्या जोडभागाच्या साहाय्याने वापरता येते. तथापि प्रत्येक डेटाबेसची वैशिष्ट्ये निराळी असल्याने एकावर चालणारा प्रश्न दुसऱ्यावर तसाच चालेल, अशी खात्री देता येत नाही.

नोंदी मोजक्या, नियम गुंतागुंतीचे व रचना वरचेवर बदलणारी असेल, तेथे या चौकटीमुळे श्रम व चुका दोन्ही कमी होतात. प्रचंड प्रमाणावरील अहवाल, आकडेमोड व एकगठ्ठा भरणा यांसाठी थेट एसक्यूएल किंवा २०११ मध्ये खुली झालेली डॅपर यांसारखी हलकी साधने अनेकदा अधिक योग्य ठरतात. चौकटीतूनही आपण लिहिलेले एसक्यूएल पाठविता येते.

तिच्या वापरात वारंवार आढळणारा दोष म्हणजे एकेका नोंदीसाठी वेगळा प्रश्न जाणे. ५०० सभासदांची यादी मागवून प्रत्येकाच्या देवघेवी गरज पडेल तशा आणल्या, तर एका प्रश्नाऐवजी ५०१ प्रश्न जातात. लिहिलेल्या मजकुरात मात्र तो केवळ एका गुणधर्माचा साधा उल्लेख दिसतो. असे दोष मजकूर वाचून सहसा सापडत नाहीत. डेटाबेसकडे प्रत्यक्ष गेलेली वाक्ये पाहावी लागतात आणि त्यासाठी चौकटीत तशी सोय केलेली आहे.

कॉड यांच्या प्रतिमानाने, माहिती संगणकात प्रत्यक्ष कशी साठविली आहे याच्या तपशिलापासून वापरणाऱ्याची सुटका केली. एंटिटी फ्रेमवर्कसारख्या चौकटींनी त्यापुढे जाऊन कोष्टकांच्या तपशिलापासूनही आज्ञावलीकाराची बरीचशी सुटका केली आहे. परंतु प्रश्नाला लागणारा वेळ, एकाच नोंदीवरील स्पर्धा आणि रचना बदलताना माहितीची सुरक्षितता या बाबी डेटाबेसमध्येच ठरतात व त्यांची जबाबदारी आज्ञावलीकारावरच राहते. म्हणून ही चौकट एसक्यूएलच्या ज्ञानाची जागा घेत नाही. ते ज्ञान असणाऱ्याच्या हाती ती अधिक उपयुक्त ठरते.